अन्ननमुना तपासणी (नाशिक)

दूध, मावा, खाद्यतेल, मसाले, भगर अशा पदार्थांचे नमुने दुकानातून वा कारखान्यातून घेऊन प्रयोगशाळेत तपासण्याची शासकीय पद्धत. नाशिक शहरात हे काम महापालिका नव्हे, तर राज्याचे अन्न व औषध प्रशासन करते. त्याच्या नाशिक विभागात अहिल्यानगर, जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हेही येतात. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याच्या जागी ५ ऑगस्ट २०११ पासून अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू आहे.

अन्न सुरक्षा अधिकारी विक्रेत्याला लेखी सूचना देऊन नमुना घेतो आणि त्याची चालू भावाने किंमत चुकती करतो. दूध आधी नीट ढवळावे लागते. नाहीतर स्निग्धांश वर राहून निष्कर्ष चुकतो. नमुन्याचे चार भाग सीलबंद होतात. एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदावधित अधिकाऱ्याकडे. चौथा भाग विक्रेत्याने मागितल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. अहवाल १४ दिवसांत यावा लागतो आणि त्याविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. माल कमी दर्जाचा ठरल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड होतो, असुरक्षित ठरल्यास फौजदारी खटला चालतो.

अहवाल येईपर्यंत ते दूध केव्हाच पोटात गेलेले असते. म्हणून दिवाळीच्या तोंडावर मावा पकडण्यापेक्षा वर्षभर, ठरावीक अंतराने घेतलेले सर्वेक्षण नमुने अधिक मोलाचे. त्यांवर खटला उभा राहत नाही. कुठल्या मालात काय बिघडते आहे, हे मात्र वेळेत कळते.

भगरीच्या बाबतीत हे विशेष जाणवते. नाशिक परिसर भगर गिरण्यांचे मोठे केंद्र आहे आणि इथली भगर दूरवर जाते. नवरात्र, महाशिवरात्रीच्या उपवासात भगरीतून विषबाधा झाल्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडल्या आहेत. दमट हवेत भगरीवर अॅस्परजिलस प्रजातीची बुरशी वाढते आणि फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्ये तयार करते. भगरीचे पीठ ओलावा लवकर धरते. म्हणून सुटे पीठ घेऊ नये, भगर निवडून, धुऊन घरीच दळावी, असे प्रशासन सांगते. इथे कुणी मुद्दाम भेसळ केलेली नसते, त्यामुळे तक्रारीची वाट पाहून भागत नाही. सणाआधी काही आठवडे गिरणीतला आणि गोदामातला माल तपासणे, हाच खरा उपाय.

कायद्यातील अन्न व्यवसायाच्या व्याख्येत नफ्याची अट नाही. त्यामुळे नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्यातील अन्नछत्रांचे जेवणही या तपासणीच्या कक्षेत येते.