विश्वस्त राणी चांदबिबी

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. माझे आयुष्य कापडाच्या दुकानात गेले. वाणिज्य शाखेची पदवी घेतली ती तीर्थरूपांच्या इच्छेखातर, आणि तिचा उपयोग झाला तो मुख्यतः खतावणी तपासण्यासाठी. मात्र इतिहास वाचण्याचे व्यसन शाळेपासून जडले ते आजतागायत सुटलेले नाही. तेव्हा विद्वानांनी हा लेख एका हौशी वाचकाचे टिपण समजूनच वाचावा, ही नम्र विनंती.

लहानपणी वडिलांबरोबर खरेदीसाठी नगरच्या कापड बाजारात जाण्याचा योग वर्षातून दोन-तीनदा येई. पहाटेची एस.टी. गढी, पाथर्डी करीत करंजी घाट ओलांडून जाई. नगर जवळ आले की शहा डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली, एकाकी वास्तू दिसू लागे. वडील खिडकीतून बोट दाखवून म्हणत, “ते बघ, चांदबिबीचा महाल.” गाडीतील इतर प्रवासीही तसेच म्हणत. आजही त्या रस्त्याने जाणारा माणूस तसेच म्हणतो.

पुढे वाचनात आले की तो महाल नाही आणि तो चांदबिबीचाही नाही. ती मूर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. व्यापारी माणसाला हे वाचून पहिला प्रश्न पडला तो असा : ज्या राणीच्या नावावर लोकांनी दुसऱ्याची वास्तू जमा केली, तिच्या स्वतःच्या खात्यावर खरोखर काय जमा आहे?

माहेर, सासर आणि पुसलेले चित्र

चांदबिबीचा जन्म १५५० च्या सुमारास अहमदनगरच्या निजामशाही घराण्यात झाला. (२०२४ मध्ये या शहराचे नाव अहिल्यानगर झाले.) आपला बीडचा मुलूख त्या काळी याच निजामशाहीत मोडत असे. वडील हुसेन निजामशहा आणि आई खुंजा हुमायून. आईविषयी एक गोष्ट येथे मुद्दाम सांगावीशी वाटते. हुसेनशहाच्या मृत्यूनंतर १५६५ पासून सुमारे चार वर्षे अल्पवयीन मुलाच्या वतीने या राणीने राज्य चालविले. पुढे त्याच मुलाने, म्हणजे मूर्तझाने, १५६९ मध्ये तिला कैदेत टाकले. ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या सचित्र हस्तलिखितात ती राजाच्या शेजारी बसलेली रंगविली होती. हे हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातील राणीची आकृती नंतर कोणी तरी रंग फासून पुसून टाकली. आईचे चित्र पुसले गेले आणि लेकीच्या नावे नसलेला महाल उभा राहिला. स्त्रियांच्या कर्तृत्वाची नोंद इतिहासात किती बेहिशेबी होते, हे या मायलेकींवरून ध्यानी यावे.

विजयनगरच्या विरुद्ध दख्खनच्या शाह्या एकत्र येत होत्या. त्या मैत्रीची गाठ म्हणून १५६४ च्या सुमारास चांदबिबीचा विवाह विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाशी झाला. आंदणात सोलापूरचा किल्ला विजापूरला मिळाला. अली आदिलशहाची बहीण नगरच्या घराण्यात दिली गेली. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई होऊन विजयनगरची सत्ता मोडली. म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या या मुलीचे लग्न ही मुळात एका राजकीय कराराची अट होती.

परंतु ती केवळ अट म्हणून राहिली नाही. ती अरबी, फारसी, तुर्की, मराठी व कन्नड जाणत असे, घोड्यावर बसे, शिकारीला जाई, अशी परंपरा आहे. बहिरी ससाणा हातावर घेऊन घोडा दौडविणारी चांदबिबी हा दख्खनी चित्रकारांचा आवडता विषय पुढे दीडशे-दोनशे वर्षे टिकला. विजापुरातील चांद बावडी ही १५७९ मध्ये अली आदिलशहाने बांधविलेली विहीर तिच्याच नावाने ओळखली जाते.

विजापूरचे विश्वस्तपण

१५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. त्याला मूल नव्हते. नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम गादीवर बसला आणि त्याची पालक म्हणून चांदबिबीकडे जबाबदारी आली. येथून पुढे तिच्या आयुष्याची वीस वर्षे एकाच कामात गेली : जे आपले नाही ते दुसऱ्यासाठी सांभाळणे. गादी पुतण्याची, खजिना राज्याचा, फौज सरदारांच्या हुकमतीतली. तिच्या हातात होती ती केवळ लोकांची तिच्यावरची भिस्त. आपल्या भाषेत सांगायचे तर ती विश्वस्त होती.

हे विश्वस्तपण सुखाचे नव्हते. प्रथम कामीलखान नावाच्या कारभाऱ्याने सत्ता बळकावू पाहिली. तिने त्याला किश्वरखानाच्या साहाय्याने दूर केले. मग किश्वरखानच बेफाम झाला. त्याने खुद्द चांदबिबीला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद करून ठेवले. पण राजधानीत त्याच्याविरुद्ध असंतोष पेटला, त्याला पळून जावे लागले आणि हबशी सरदार इखलासखानाने तिची सुटका करविली. याच धामधुमीत निजामशाही व कुतुबशाही फौजांनी विजापूरला वेढा घातला. माहेरची फौज दारात उभी असताना तिने सासरचे शहर राखले. वेढा उठला.

ज्या मुलाचा तिने सांभाळ केला तो दुसरा इब्राहीम आदिलशहा म्हणून १६२७ पर्यंत राज्य करून गेला. संगीत आणि साहित्य यांवर त्याचे प्रेम एवढे की ‘किताब-इ-नवरस’ त्याने स्वतः रचला. सांभाळलेली ठेव वाढवून परत करावी, तसेच हे झाले.

नगरचा वेढा

चांदबिबी पुढे माहेरी नगरला आली. तिथली स्थिती अधिकच शोचनीय होती. १५८८ पासून सात वर्षांत एकामागून एक सुलतान मारले किंवा बदलले गेले होते. १५९५ मध्ये इब्राहीम निजामशहा लढाईत पडला, तेव्हा दरबारात चार गट आणि गादीचे चार दावेदार झाले. चांदबिबी उभी राहिली ती इब्राहीमच्या तान्ह्या मुलाच्या, बहादूरच्या, बाजूने. ते मूल विरोधी गटाने जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यात अडकवून ठेवले होते.

या भांडणात मियाँ मंजू या वजिराने अकबराचा पुत्र शहाजादा मुराद याला मदतीसाठी पत्र धाडले. मोगल निमंत्रणाचीच वाट पाहत होते. मुराद आणि अब्दुर्रहीम खानखाना यांच्या फौजा डिसेंबर १५९५ मध्ये नगरला येऊन भिडल्या. निमंत्रण देणारे वजीर पश्चात्ताप पावून शहराबाहेर निघून गेले. किल्ला राखण्याचे काम उरले ते या राणीवर. तिने गैरहजर बहादूरच्या नावाने द्वाही फिरविली आणि तिच्या वडिलांनीच दगडात बांधून घेतलेल्या त्या कोटाची दारे बंद केली.

मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. मोगल छावणीतीलच एका शिराजी सरदाराने ही खबर किल्ल्यात पोहोचविली. किल्ल्यातील लोकांनी आतून खणून दोन सुरुंगांतील दारू काढून टाकली. तिसऱ्यावर काम चालू असताना तो उडाला आणि तटाला सुमारे ५० गजांचे भगदाड पडले. शिबंदी पळू लागली. त्या क्षणी चिलखत घातलेली, तोंडावर बुरखा घेतलेली चांदबिबी तलवार उपसून भगदाडात येऊन उभी राहिली. पळणारे परतले. दिवसभर हल्ले झाले, ते मोडून काढले गेले, आणि रात्रभर राबून तट पुन्हा उंच करण्यात आला. गोळे संपले तेव्हा तिने तोफांत तांब्याची, मग रुप्याची, शेवटी सोन्याची नाणी भरली, अशी कथा नंतरच्या इतिहासकारांनी सांगितली आहे.

हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी १८५३ नंतर आपल्या शेजारच्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहत होता. त्याने १८७८ मध्ये तिच्यावर इंग्रजीत कादंबरी प्रसिद्ध केली. १९४२ ते १९४५ या काळात याच किल्ल्यात बंदिवान असलेल्या पंडित नेहरूंनाही आपला ग्रंथ लिहिताना तिची आठवण झाली.

तलवार आणि तह

परंतु माझ्या मते तिची खरी परीक्षा त्या भगदाडानंतर होती. धान्य दोन्हीकडे संपत आले होते. विजापूरची कुमक सुहेलखानाच्या हाताखाली जवळ येत होती. मुराद आणि खानखाना यांचे आपसात पटत नव्हते. ही संधी ओळखून तिने तह केला. वऱ्हाड मोगलांना दिला. बदल्यात वेढा उठला आणि बहादूरला निजामशहा म्हणून मान्यता मिळाली. एक प्रांत देऊन राज्य राखले. तोट्याचा माल वेळीच काढून पेढी वाचविणारा व्यापारी भित्रा असतो काय?

तह टिकला नाही. मोगल अधिकाऱ्यांनी वऱ्हाडच्या नावाखाली पाथरीचा मुलूखही ताब्यात घेतला. गोदावरीच्या पलीकडची ही आपली शेजारची पाथरी. त्यावरून पुन्हा युद्ध पेटले आणि फेब्रुवारी १५९७ मध्ये पाथरीच्या परिसरात गोदाकाठी दोन दिवस घनघोर लढाई झाली. मोगलांच्या बाजूने लढणारा खानदेशचा राजा अलीखान तीत पडला. नगरहून पाथरीला जाणारा रस्ता आज आपल्या माजलगावातून जातो. तेव्हा हा इतिहास दूरचा मानू नये.

१६०० साली स्वतः अकबर बऱ्हाणपुरापर्यंत आला आणि शहाजादा दानियालने नगरला वेढा घातला. या वेळी बाहेरून कोणाची मदत येणार नव्हती. तिचा कारभारी अभंगखान तोंड देण्याऐवजी जुन्नरकडे निघून गेला होता. चांदबिबीने हिशेब मांडला : किल्ला सोडावा, जीविताची हमी घ्यावी, बालराजाला घेऊन जुन्नरला जावे आणि तिथून राज्य चालवावे. हा विचार तिने एका अधिकाऱ्यापाशी बोलून दाखविला. त्याचे नाव काही ग्रंथांत हमीदखान, काहींत जिताखान असे येते. तो बाहेर पळत सुटला आणि ओरडू लागला की राणी मोगलांना फितूर झाली. जमाव तिच्या महालात घुसला. जुलै १६०० मध्ये तिच्याच माणसांनी तिला ठार केले.

महिनाभरात, ऑगस्टमध्ये, किल्ला पडला. आतले लोक मोठ्या संख्येने कापले गेले. बहादूर ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदी झाला. तिच्या सल्ल्याने जे वाचले असते ते सारे गेले.

आता पुढची नोंद पाहा. मलिक अंबरने त्यानंतर काय केले? नगर गमावले तरी राज्य गमावले असे मानले नाही. दुसऱ्या मूर्तझाला परांड्यात गादीवर बसविले, पुढे जुन्नरला राजधानी नेली आणि मोगलांशी झुंज चालू ठेवली. निजामशाही १६३६ पर्यंत टिकली. राजाला सुरक्षित हलवून जुन्नरहून राज्य चालविणे ही तर चांदबिबीचीच योजना होती! १६०० मध्ये ती बोलल्याबद्दल तिला फितूर ठरविले गेले, आणि सात वर्षांनी तेच केल्याबद्दल मलिक अंबरला मुत्सद्दी म्हटले गेले. मलिक अंबर मुत्सद्दी होताच, यात शंका नाही. मग तोच न्याय राणीला का नको?

एक कबुली

हा प्रश्न मी इतरांना विचारतो त्याआधी स्वतःला विचारणे प्राप्त आहे. साधारण पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या पेठेत दुकानांच्या जागांवरून एक वाद झाला. आम्हा सर्वांच्या वतीने बोलणी करण्याचे काम एका वडीलधाऱ्या व्यापाऱ्याने अंगावर घेतले. त्यांनी काही सोडले, काही मिळविले आणि समझोता केला. बैठकीत आम्ही तरुण मंडळी तापलो. “हे तर विकले गेले,” असे शब्द निघाले, आणि ते ज्यांच्या तोंडून निघाले त्यांत मीही होतो. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. उठले, चप्पल पायात घातली आणि निघून गेले. पुढे कुठल्याच बैठकीला आले नाहीत. त्यांच्या समझोत्याच्या आधारावर आमची दुकाने आजही उभी आहेत. दरवर्षी क्षमापनेच्या दिवशी त्यांच्याकडे जाण्याचे मी मनाशी ठरवीत असे आणि लाजेने टाळीत असे. शेवटी एके वर्षी त्यांच्या अंत्ययात्रेलाच गेलो.

चांदबिबीच्या शेवटाविषयी वाचताना मला दर वेळी ती बैठक आठवते. भगदाडात तलवार घेऊन उभी राहणारी राणी लोकांना कळते, कारण ती दिसते. पण बंद दालनात बसून काय सोडावे आणि काय राखावे याचा हिशेब मांडणारी राणी कोणाला दिसत नाही. धैर्य दोन्हीकडे सारखेच लागते. किंबहुना दुसऱ्या ठिकाणी अधिक लागते, कारण तिथे आपलेच लोक संशय घेतात. एकाच माणसाला अनेक बाजूंनी पाहावे, ही तर आपल्याकडची जुनी शिकवण आहे. ती आपण इतिहासातील माणसांना आणि शेजारच्या माणसांना किती लावतो, हा विचार करण्याजोगा विषय आहे.

आपल्या संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना ज्यांनी ती सांभाळली त्यांचे फोटो या स्मरणिकेत छापले जातील, आणि ते योग्यच आहे. त्याचबरोबर ज्यांनी कटू प्रसंगी बोलणी केली, चार शब्द ऐकून घेतले आणि गप्प राहिले, त्यांचेही स्मरण व्हावे. पुढच्या वेळी शहा डोंगरावरील ती वास्तू दिसली की मुलांना जरूर सांगावे की ही सलाबतखानाची कबर आहे. आणि चांदबिबीची गोष्टही तिथेच सांगावी, मात्र तलवारीपाशी न थांबता शेवटपर्यंत सांगावी.

जय जिनेंद्र.