भुयार पुस्तकातच बरं!

मंडळी, सोलापूरहून तासाभरावर नळदुर्ग. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली बांधलेला. वरून पाणी कोसळतंय, आत माणूस कोरडा! अशा जागा बघितल्या की गोष्टी सुचणारच.

नारायण धारपांच्या भयकथा आपण अंथरुणात घाबरत वाचल्या. 'तुंबाड' (२०१८) सिनेमामागेही धारपांच्याच कथेची प्रेरणा. त्यात वाड्याखाली खजिना आहे, पण राखणीला हस्तर बसलाय. लोभ धरला की संपलं, एवढंच गोष्ट सांगते.

आपल्याकडे काहींनी नेमकं उलटं ऐकलं. गुप्तधनापायी जुन्या वास्तू खणल्या, मजल नरबळीपर्यंत गेली. म्हणून तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात 'गुप्तधन' हा शब्द घालावा लागला.

पोरांना भुताच्या गोष्टी जरूर सांगा. फक्त शेवट गाळू नका.