होकार, पण हिशेब मागून: सिनेटर व्हँडेनबर्ग आणि अमेरिकेचे परराष्ट्र धोरण

अमेरिकेच्या राज्यघटनेने परराष्ट्र व्यवहार राष्ट्राध्यक्षाकडे सोपवले, तरी दोन बाबतींत त्याचे हात बांधून ठेवले. परदेशाशी केलेला तह सिनेटच्या उपस्थित सदस्यांपैकी दोन-तृतीयांशांच्या संमतीशिवाय लागू होत नाही आणि काँग्रेसच्या मंजुरीशिवाय तिजोरीतला एक डॉलरही खर्च करता येत नाही. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना याची मोठी किंमत मोजावी लागली. व्हर्सायचा तह सिनेटने १९१९ आणि १९२० असा दोनदा फेटाळला आणि ज्या राष्ट्रसंघासाठी विल्सन झिजले त्यात अमेरिका कधीच गेली नाही. पंचवीस वर्षांनंतर, जुलै १९४५ मध्ये, त्याच सिनेटने संयुक्त राष्ट्रांच्या सनदेला ८९ विरुद्ध २ मतांनी मान्यता दिली. दरम्यान एक महायुद्ध होऊन गेले होते, हे तर खरेच. पण विरोधी बाकांवरच्या एका माणसाचाही या बदलात मोठा वाटा होता. मिशिगन राज्याचे रिपब्लिकन सिनेटर आर्थर व्हँडेनबर्ग हे ते गृहस्थ.

व्हँडेनबर्ग यांचा जन्म १८८४ मध्ये ग्रँड रॅपिड्स येथे झाला. वडिलांचा घोड्यांचे साज बनवण्याचा धंदा १८९३ च्या मंदीत बुडाला आणि मुलाला लहान वयातच कमाईला लागावे लागले. कायद्याचे शिक्षण वर्षभरातच सुटले. १९०६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते ‘ग्रँड रॅपिड्स हेरल्ड’चे संपादक झाले आणि पुढची बावीस वर्षे तेच त्यांचे काम राहिले. १९२८ मध्ये मिशिगनचे एक सिनेटर वारले आणि गव्हर्नरांनी त्या जागी व्हँडेनबर्ग यांची नेमणूक केली. मृत्यूपर्यंत ती जागा त्यांच्याकडेच राहिली.

त्यांच्या कारकिर्दीची पहिली बारा-तेरा वर्षे युरोपच्या भांडणांपासून अमेरिकेला दूर ठेवण्यात गेली. १९३४ मध्ये सिनेटर जेराल्ड नाय यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी समितीत ते होते. शस्त्रे बनवणाऱ्या कंपन्या आणि त्यांना पैसा पुरवणाऱ्या बँका यांनी पहिल्या महायुद्धात किती नफा कमावला, याचा शोध या समितीने घेतला. पुढे आलेल्या तटस्थतेच्या कायद्यांना तिच्या कामामुळे बळ मिळाले. युरोपात युद्ध पेटल्यावर, १९३९ मध्ये, शस्त्रविक्रीवरची बंदी उठवायला व्हँडेनबर्ग यांनी विरोध केला. मार्च १९४१ मध्ये ब्रिटनला युद्धसामग्री पुरवणारे लेंड-लीज विधेयक ६० विरुद्ध ३१ मतांनी मंजूर झाले, तेव्हाही ते त्या ३१ जणांत होते. हिटलरचा धोका ओळखण्यात ते चुकले, यात शंका नाही. मात्र लेंड-लीजला विरोध करताना त्यांनी मांडलेला एक मुद्दा नीट ध्यानात घ्यावा लागतो: कोणाला, किती आणि कोणत्या अटींवर द्यायचे याचा निर्णय एकट्या राष्ट्राध्यक्षावर सोडला, तर काँग्रेस नावापुरती उरेल. पुढे त्यांची भूमिका पार पालटली, तरी हा मुद्दा त्यांनी कधी सोडला नाही.

७ डिसेंबर १९४१ च्या पर्ल हार्बरवरील हल्ल्याने त्यांचा जुना विश्वास ढासळला. तरी नवी भूमिका जाहीर करायला त्यांना तीन वर्षे लागली. १० जानेवारी १९४५ रोजी सिनेटमध्ये केलेल्या भाषणाचे मसुदे त्यांनी स्वतः टंकयंत्रावर बसून पुन्हा पुन्हा लिहिले होते. जुन्या संपादकाची ती सवय होती. आधुनिक युद्धात महासागर संरक्षण देऊ शकत नाहीत आणि कोणतेही राष्ट्र एकट्याच्या बळावर सुरक्षित राहू शकत नाही, असे त्यांनी सांगितले. जर्मनी आणि जपान यांना कायम निःशस्त्र ठेवण्याचा करार दोस्त राष्ट्रांनी लगेच करावा, ही त्यांची ठोस सूचना होती. जर्मनीच्या भीतीपोटी आम्ही पूर्व युरोप ताब्यात ठेवतो, असे म्हणायला सोव्हिएत संघाला मग जागा उरणार नव्हती. लेंड-लीजला विरोध करणाऱ्या सिनेटरने हे बोलावे, याचे राजधानीत मोठे नवल वाटले.

संयुक्त राष्ट्रांची सनद ठरवणाऱ्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेच्या शिष्टमंडळात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना घेतले. तिथे लॅटिन अमेरिकी देशांचा प्रश्न होता, की परस्पर संरक्षणाच्या कराराला सुरक्षा परिषदेतला नकाराधिकार आडवा आला तर करायचे काय? व्हँडेनबर्ग यांनी हा प्रश्न लावून धरला. त्या वाटाघाटींतून सनदेचे ५१ वे कलम आकाराला आले आणि सशस्त्र हल्ला झाल्यास एकट्याने किंवा एकत्रितपणे स्वसंरक्षण करण्याचा हक्क नोंदला गेला. तीन वर्षांनी हे कलम त्यांच्याच उपयोगी पडले.

नोव्हेंबर १९४६ च्या निवडणुकीत दोन्ही सभागृहांत रिपब्लिकन पक्षाला बहुमत मिळाले आणि जानेवारीत व्हँडेनबर्ग परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष झाले. व्हाइट हाउसमध्ये डेमोक्रॅट पक्षाचे हॅरी ट्रुमन होते. फेब्रुवारीतच ब्रिटनने कळवले, की ग्रीस आणि तुर्कस्तान यांना मदत देणे आता झेपत नाही. २७ तारखेला ट्रुमन यांनी काँग्रेसच्या नेत्यांना बोलावले. परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांच्या निवेदनाने कोणी हलले नाही. मग तेव्हाचे उपपरराष्ट्रमंत्री डीन ॲचेसन यांनी ग्रीस पडला तर सोव्हिएत प्रभाव कुठवर पसरेल याचे चित्र उभे केले. हेच राष्ट्राध्यक्षांनी काँग्रेसपुढे येऊन जाहीरपणे सांगितले तर आपण पाठिंबा देऊ, असे व्हँडेनबर्ग म्हणाले. १२ मार्चला ट्रुमन यांनी ४० कोटी डॉलर मागितले.

पण पाठिंबा म्हणजे डोळे मिटून मान डोलावणे नव्हे. व्हँडेनबर्ग यांनी सिनेटरांकडून शंका मागवल्या, त्यांतून निघालेले १११ प्रश्न परराष्ट्र खात्याकडे धाडले आणि उत्तरे छापून घेतली. संयुक्त राष्ट्रांना डावलले जात आहे, या आक्षेपावर त्यांनी दुरुस्ती आणली: सुरक्षा परिषदेने किंवा आमसभेने ही मदत अनावश्यक ठरवली, तर अमेरिका ती थांबवील आणि त्या ठरावावर नकाराधिकार वापरणार नाही. विधेयक ६७ विरुद्ध २३ मतांनी मंजूर झाले.

५ जून १९४७ रोजी मार्शल यांनी हार्वर्डमध्ये युरोपच्या पुनर्रचनेची कल्पना मांडली, तेव्हा व्हँडेनबर्ग यांचे पहिले म्हणणे असे होते, की आधी आपल्या घरची ऐपत तपासा. ट्रुमन यांनी तीन समित्या नेमल्या. देशाची साधनसामग्री, अर्थव्यवस्थेवर पडणारा ताण आणि मदतीचे स्वरूप असे तीन विषय त्यांनी तपासले. सरकारने चार वर्षे आणि तीन महिन्यांसाठी १७ अब्ज डॉलरचा आकडा विधेयकात घातला होता. व्हँडेनबर्ग यांनी तो काढायला लावला. पुढच्या काँग्रेसला आजच बांधून ठेवता येत नाही, दर वर्षी हिशेब दाखवून नवी रक्कम मागितली पाहिजे, हे त्यामागचे कारण. पहिल्या पंधरा महिन्यांसाठी मागितलेल्या ६.८ अब्जांऐवजी त्यांनी बारा महिन्यांसाठी ५.३ अब्ज डॉलर धरले. महिन्याचा हिशेब जवळपास तोच राहिला, पण निवडून येणाऱ्या नव्या काँग्रेसकडे विषय लवकर परत येणार होता आणि काटकसरवाल्या सहकाऱ्यांनाही कपात दिसली. पैसा परराष्ट्र खात्याच्या हाती जाऊ नये, म्हणून ब्रुकिंग्ज या संशोधनसंस्थेकडून अहवाल मागवून त्यांनी स्वतंत्र यंत्रणेची तरतूद केली आणि तिच्या प्रमुखपदी राजकारण्याऐवजी उद्योगपती हवा, असा आग्रह धरला. स्टुडबेकर मोटार कंपनीचे अध्यक्ष पॉल हॉफमन यांची नेमणूक झाली. स्वपक्षाच्या रॉबर्ट टॅफ्ट यांनी रक्कम ४ अब्जांवर आणण्याची सूचना मांडली, ती पडली. मार्च १९४८ मध्ये सिनेटने विधेयक ६९ विरुद्ध १७ मतांनी मंजूर केले. फेब्रुवारीत चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता घेतली होती, त्याचा परिणाम मोठाच होता. तरीही रिपब्लिकन मते आणली ती या अटींनी.

त्याच वसंतात उपपरराष्ट्रमंत्री रॉबर्ट लव्हेट संध्याकाळी व्हँडेनबर्ग यांच्या वॉर्डमन पार्क हॉटेलातल्या घरी येत, युरोपातून आलेल्या तारा दाखवत आणि दोघे मिळून मजकूर ठरवत. त्यांतून ११ जून १९४८ चा व्हँडेनबर्ग ठराव निघाला. ५१ व्या कलमाच्या चौकटीत संरक्षण करारांत सामील व्हावे, असा सल्ला सिनेटने राष्ट्राध्यक्षाला दिला. शांततेच्या काळात युरोपशी लष्करी करार न करण्याची दीडशे वर्षांची रीत त्याने मोडली. एप्रिल १९४९ मध्ये नाटो करारावर सह्या झाल्या आणि जुलैत सिनेटने तो ८२ विरुद्ध १३ मतांनी मान्य केला. विल्सन यांनी तह करून मग सिनेटपुढे ठेवला होता; इथे सिनेटचे मत आधी घेतले गेले आणि करार नंतर झाला.

लगेच ट्रुमन सरकारने मित्रदेशांना शस्त्रे देण्याचे विधेयक आणले. त्यात कोणत्याही देशाला, राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीने, मदत देण्याची मुभा होती. व्हँडेनबर्ग कडाडले, की यामुळे राष्ट्राध्यक्ष जगातला सर्वात मोठा युद्धसरदार होईल. सरकारला ते विधेयक मागे घेऊन नवे लिहावे लागले. अंतिम कायद्यात सुमारे १.३१ अब्ज डॉलर मंजूर झाले. नाटो देशांच्या वाट्याच्या एक अब्जापैकी ९० कोटी, एकत्रित संरक्षण आराखडा तयार होईपर्यंत रोखून ठेवले गेले. १९४१ मधल्या आणि १९४९ मधल्या व्हँडेनबर्ग यांना जोडणारा दुवा इथे लख्ख दिसतो.

दोन्ही पक्षांच्या या एकमताला मर्यादाही होत्या. ते मुख्यतः युरोपपुरते होते. चीनच्या धोरणात आपला सल्ला घेतलेला नाही, असे व्हँडेनबर्ग उघड सांगत, आणि १९४९ मध्ये माओंची सत्ता आल्यावर त्यांच्याच पक्षाने सरकारवर झोड उठवली. ऑक्टोबर १९४९ मध्ये त्यांच्यावर फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर सभागृहात ते क्वचितच दिसले. जून १९५० मध्ये ट्रुमन यांनी काँग्रेसचे मत न घेताच कोरियात सैन्य उतरवले. पुढे युरोपात चार डिव्हिजन पाठवायचे ठरल्यावर सिनेटमध्ये तीन महिने वाद झाला. ४ एप्रिल १९५१ च्या ठरावाने त्या चार डिव्हिजनना पाठिंबा दिला आणि त्याहून अधिक सैन्य काँग्रेसच्या मंजुरीशिवाय पाठवू नये, असे बजावले. व्हँडेनबर्ग तेव्हा ग्रँड रॅपिड्सला अंथरुणावर होते. १८ एप्रिलला त्यांचे निधन झाले. त्या ठरावाला कायद्याचे बळ नव्हते, आणि सैन्य पाठवण्याच्या अधिकारावरून राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस यांच्यातला वाद आजही मिटलेला नाही.