केशवराव भोसले : बालनट आणि ‘शारदा’

मराठी नाट्येतिहासात केशवराव भोसले यांचे नाव प्रामुख्याने दोन घटनांच्या संदर्भात घेतले जाते. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग ही त्यांपैकी पहिली घटना होय. या प्रयोगात केशवराव धैर्यधर होते, तर बालगंधर्व भामिनी. दुसरी घटना त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 4 ऑक्टोबर 1921 रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी झालेला त्यांचा मृत्यू. या दोन घटनांच्या प्रभेत त्यांचे पूर्वायुष्य ‘उमेदवारीचा काळ’ म्हणून चार ओळींत आटोपले जाते. वस्तुतः त्यांच्या रंगभूमीवरील वर्षांपैकी जवळजवळ निम्मी वर्षे या उमेदवारीत गेली आहेत, आणि ती वर्षे एका मुलाची आहेत.

केशवरावांचा जन्म 9 ऑगस्ट 1890 रोजी कोल्हापुरात झाला. पितृछत्र लहानपणीच हरपले आणि अक्षरओळख होण्याच्या वयात हा मुलगा स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाला. चरित्रपर लेखनात या घटनेकडे दैवी देणगीचा पहिला आविष्कार म्हणून पाहण्याची प्रथा आहे. तिची दुसरी बाजू अधिक साधी आहे. त्या काळची नाटक मंडळी म्हणजे एक फिरते बिऱ्हाड असे. तेथे दोन वेळचे जेवण, अंथरूण आणि गाण्याची तालीम मिळे. त्याच्या मोबदल्यात मुलाचा गळा मंडळीचा होई. निर्धन घराच्या दृष्टीने एक खाणारे तोंड कमी होई, मंडळीच्या दृष्टीने एक गाणारे तोंड वाढे. शाळा सुटत असे ती कायमचीच. स्त्रिया रंगमंचावर नसण्याच्या काळात संगीत नाटकाचा संसार ज्या कोवळ्या आवाजांवर उभा होता, त्या आवाजांच्या पुरवठ्याची ही व्यवस्था होती. रंगभूमीच्या सुवर्णकाळाचे वर्णन करताना तिचा हिशेब सहसा मांडला जात नाही.

केशवरावांना कीर्ती मिळाली ती ‘शारदा’तील शारदेच्या भूमिकेमुळे. गोविंद बल्लाळ देवलांचे हे नाटक 1899 साली किर्लोस्कर मंडळीने प्रथम रंगमंचावर आणले. पुराणकथेचा आधार सोडून समकालीन सामाजिक प्रश्नाला भिडणारे ते पहिले महत्त्वाचे संगीत नाटक. वृद्ध भुजंगनाथाशी शारदेचे लग्न ठरते ते तिच्या बापाच्या, कांचनभटाच्या, द्रव्यलोभामुळे. मध्यस्थी करतो भद्रेश्वर दीक्षित. मुलगी, बाप, दलाल आणि ग्राहक अशी ही चौकट आहे. ‘शारदा’च्या संहितेवर पुष्कळ लिहिले गेले. प्रयोगात त्या संहितेला आणखी एक अर्थ मिळत होता, त्याकडे मात्र दुर्लक्ष झाले. प्रौढ नटाने साकारलेली शारदा हा अभिनय असतो. बारा-तेरा वर्षांच्या केशवरावांच्या शारदेत पात्राचे वय आणि नटाचे वय यांत फारसे अंतर उरले नव्हते. स्वतःच्या भवितव्याविषयी ज्याला कोणी विचारले नव्हते असे एक मूल, तशाच दुसऱ्या मुलाचे भय गाऊन दाखवीत होते. केशवरावांना या साम्याची जाणीव होती, असा दावा येथे अभिप्रेत नाही. आणि त्यांच्या आईच्या अगतिकतेला कांचनभटाच्या लोभाशेजारी बसविणे तर अन्यायाचेच ठरेल. प्रेक्षकांच्या डोळ्यांतील पाण्याला मात्र या साम्याचा आधार असला पाहिजे. सुधारणेच्या बाजूने अश्रू ढाळणाऱ्या त्याच प्रेक्षागृहाला रंगमंचावरील मुलाचे मूलपण दिसत नव्हते, हा या यशातील विरोधाभास होय.

या संदर्भात केशवराव आणि बालगंधर्व यांच्या आयुष्यातील सतरावे वर्ष शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. 1888 साली जन्मलेले नारायणराव राजहंस 1905 मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. घरात बालपण गेलेले, जळगावात गाण्याचे शिक्षण झालेले आणि मंडळीच्या पहिल्या भूमिकेसाठी निवडलेले. केशवराव सतरा वर्षांचे असताना, 1 जानेवारी 1908 रोजी, त्यांनी हुबळीत स्वतःची ‘ललितकलादर्श’ ही मंडळी काढली. एकाचे रंगभूमीवरील आयुष्य ज्या वयात सुरू झाले, त्या वयात दुसऱ्याची नोकरी संपली होती. बालगंधर्वांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली ती पुढे 1913 मध्ये. दोघांच्या तुलनेत नेहमी आवाजाची जात, लावण्य आणि गायकी यांचीच चर्चा होते. या दोन प्रारंभांमधील सामाजिक अंतर तुलनेबाहेर राहते.

म्हणूनच ‘ललितकलादर्श’ची स्थापना केवळ महत्त्वाकांक्षेची खूण मानता येत नाही. बालनटाच्या आयुष्यात कंठ फुटण्याचा काळ निर्णायक असतो. तेथे अनेकांची कारकीर्द संपते. केशवरावांचा गळा त्या वळणावरून सुखरूप पार पडला, आणि त्या गळ्यावरचा हक्क त्यांनी स्वतःकडे घेतला. पुढे रामकृष्णबुवा वझे यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले, आणि स्त्रीभूमिकांकडून ते पुरुषभूमिकांकडे वळले. मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ (1916) हे हुंड्यावरील नाटक त्यांच्याच मंडळीने रंगभूमीवर आणले. विवाहाच्या बाजारावरील एका नाटकाने घडविलेला नट मालक झाल्यावर पुन्हा त्याच बाजाराकडे वळतो, हा निव्वळ योगायोग मानण्याचे कारण नाही.

कोल्हापुरात 1915 साली शाहू महाराजांनी उभारलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचे नाव दिले गेले. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, ते नाट्यगृह आगीत भस्मसात झाले, तेव्हा महाराष्ट्र हळहळला. ती हळहळ ‘मानापमान’च्या धैर्यधरासाठी होती. शारदेच्या वेशात उभ्या असलेल्या त्या मुलाची दखल इतिहासाने अद्याप घ्यायची आहे.