सनाब्रिया, बॉबी

सनाब्रिया, बॉबी : (२ जून १९५७ – ). अमेरिकन ड्रमवादक, लॅटिन जॅझ वाद्यवृंदाचे नायक, नभोवाणी निवेदक व अध्यापक. जन्म न्यूयॉर्कच्या दक्षिण ब्राँक्स भागात, मूळच्या प्वेर्तो रीकोच्या कुटुंबात. बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातून ते १९७९ मध्ये पदवीधर झाले. टीटो प्वेंते, मोंगो सांतामारिया, मारिओ बाउसा अशा दिग्गजांना त्यांनी साथ केली.

त्यांचे वादन, निवेदन आणि अध्यापन यांचा उल्लेख सहसा स्वतंत्रपणे होतो. पण तिन्हींच्या मुळाशी एकच आग्रह आहे : लॅटिन जॅझ ही जॅझची पुरवणी नसून त्याच्या घडणीचाच भाग आहे. या आग्रहाला इतिहासाचा आधार आहे. हवानात जन्मलेले बाउसा आधी चिक वेब आणि कॅब कॅलोवे यांच्या जॅझ वाद्यवृंदांत होते; पुढे मचीतो यांच्या वाद्यवृंदासाठी त्यांनी १९४३ मध्ये ‘टांगा’ रचले आणि क्यूबन लय व जॅझची स्वरसंहती एकत्र आणली. या संगीताचा कणा म्हणजे क्लावे : पाच आघातांची, दोन भागांची आकृती, एका भागात तीन आघात, दुसऱ्यात दोन. चाल चुकीच्या भागावर सुरू झाली, तर प्रत्येक वादक लयीत असूनही सम चुकल्यासारखे वाटते. ही शिस्त सनाब्रिया बाउसांच्या अखेरच्या वर्षांत त्यांच्याच वाद्यवृंदात ड्रम वाजवताना जवळून अनुभवत होते. पुढे मॅनहॅटन स्कूल ऑफ म्यूझिकच्या विद्यार्थ्यांकडून त्यांनी मचीतो यांचा ‘केनिया’ हा संग्रह पुन्हा वाजवून घेतला (‘केनिया रिव्हिजिटेड लाइव्ह’, २००९). नेवार्कच्या डब्ल्यूबीजीओ केंद्रावरील ‘लॅटिन जॅझ क्रूझ’ या कार्यक्रमातून ते हाच वारसा श्रोत्यांपर्यंत नेतात.

हे काम नवनिर्मितीपेक्षा जतनाचे आहे, असा आक्षेप घेता येतो. ‘केनिया’पुरता तो खराही आहे. परंतु ‘वेस्ट साइड स्टोरी रीइमॅजिन्ड’ (२०१८) मध्ये त्यांच्या मल्टिव्हर्स बिग बँडने लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या संगीताची संपूर्ण फेरमांडणी केली. प्वेर्तो रीकन तरुणांची कथा सांगणारे ते १९५७ चे नाट्यसंगीत इथे त्याच समाजातून आलेल्या नायकाच्या हाती कॅरिबियन व दक्षिण अमेरिकी लयींत उलगडते. जुन्या रचनेवर हक्क सांगण्याची ही रीत निव्वळ जतनात बसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. लॅटिन जॅझ मुख्य प्रवाहातलाच असेल, तर त्याला निराळे पारितोषिक कशाला? ग्रॅमीच्या व्यवस्थापनाने २०११ मध्ये १०९ वर्गांचे ७८ केले, त्यात लॅटिन जॅझचा वर्ग गेला. सनाब्रिया विरोधात उभे राहिले आणि इतर संगीतकारांसह त्यांनी न्यायालयात दावाही लावला. यात विसंगती दिसते, पण ती वरवरची आहे. एखादा प्रकार जॅझच्या इतिहासात मध्यवर्ती असणे वेगळे आणि बाजारात त्याला समान संधी असणे वेगळे. लॅटिन जॅझचे बरेच ध्वनिमुद्रण छोट्या, स्वतंत्र कंपन्यांकडून येते. सरसकट स्पर्धेत मोठ्या नावांपुढे ते परीक्षकांच्या कानी पडणेच दुरापास्त. २०१२ मध्ये वर्ग पूर्ववत झाला. पुढच्या वर्षीच्या सोहळ्यात सनाब्रियांच्या ‘मल्टिव्हर्स’ या संग्रहाला त्यात नामांकन मिळाले, पारितोषिक मात्र क्लेअर फिशर यांच्या वाद्यवृंदाला गेले. तरीही मागणी सार्थ ठरली, कारण ती एका संग्रहाच्या विजयासाठी नव्हे, तर सारा प्रकार ऐकला जावा यासाठी होती.