दुस्मे

दुस्मे : ग्रीक बायबलमध्ये पश्चिम दिशेसाठी येणारे स्त्रीलिंगी नाम. ‘दुनो’ म्हणजे बुडणे, मावळणे या क्रियापदाच्या कुळातला हा शब्द. सूर्याचे मावळणे हा मूळ अर्थ, आणि सूर्य मावळतो ती बाजू हा त्यावरून आलेला. मराठीतील ‘मावळत’ अगदी याच घडणीची आहे. नव्या करारात हा शब्द पाच वेळा येतो (मत्तय ८:११, २४:२७, लूक १२:५४, १३:२९, प्रकटीकरण २१:१३) आणि पाचही ठिकाणी त्याचे रूप ‘दुस्मोन’ असे षष्ठीचे अनेकवचन आहे. अनेकवचनामुळे अर्थात भर पडत नाही. दिशा सांगताना ग्रीक भाषेची ती रीतच आहे आणि उगवतीच्या ‘आनातोले’लाही ती बहुधा लागू होते. हा शब्द कोणत्याही देशाचे नाव नाही आणि अशुभाची खूणही नाही. तो क्षितिजाची एक कड दाखवतो आणि बहुतेक वेळा दुसऱ्या कडेच्या जोडीने उभा राहतो.

हा अर्थ नीट कळण्यासाठी सेप्टुअजिंटकडे, म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून होत गेलेल्या जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतराकडे जावे लागते. हिब्रूत पश्चिम सांगण्याच्या वाटा अनेक. पहिली ‘याम’ म्हणजे समुद्र, कारण कनानच्या पश्चिमेला भूमध्य समुद्र. ही सवय इतकी पक्की की सीनायच्या रानात उभारलेल्या निवासमंडपाची मागची बाजूही निर्गम २६:२२ मध्ये ‘समुद्राकडची’ आहे. दुसरी ‘अहोर’ म्हणजे पाठीमागे. उगवतीकडे तोंड केले की पाठीशी राहते ती बाजू. ‘पश्चात्’शी नाते सांगणारा आपला ‘पश्चिम’ शब्द याच दृष्टीतून आला. तिसरी, सूर्यास्ताची. ग्रीक भाषांतरकारांनी ‘याम’साठी अनेकदा ‘थालास्सा’ म्हणजे समुद्र हाच शब्द ठेवला, सूर्यास्तासाठी ‘दुस्मे’ वापरला, आणि यशया ९:१२ मध्ये एक विलक्षण बदल केला. मूळ हिब्रूत इस्राएलाला पुढून अरामी आणि मागून पलिष्टी गिळतात. ग्रीकमध्ये सूर्याच्या उगवतीकडून अरामी आणि मावळतीकडून ‘हेलेनेस’, म्हणजे चक्क ग्रीक लोक येतात. शत्रूचे नाव भाषांतरकाराच्या काळाप्रमाणे बदलले, पण ‘दुस्मे’ने इथेही दिशेपलीकडचे काही सांगितलेले नाही. उत्पत्ती १५:१२ मध्ये तर हाच शब्द वेळ सांगतो : सूर्य मावळायच्या सुमारास अब्रामाला गाढ झोप लागली.

शुभवर्तमानांतला सर्वांत बोलका पुरावा लूक १२:५४ हा आहे. पाच उल्लेखांपैकी एवढ्या एकाच ठिकाणी पश्चिम एकटी येते. पश्चिमेला ढग दिसताच लोक पाऊस येणार म्हणतात आणि तसा तो येतो, असे येशू सांगतो. पॅलेस्टाईनचा पाऊस भूमध्य समुद्रावरूनच येतो, तेव्हा इथे ‘समुद्राकडे’ हा जुना प्रयोग सहज बसला असता. पण लूकचा वाचक कोणत्याही गावचा असू शकतो आणि प्रत्येकाच्या पश्चिमेला समुद्र नसतो. सूर्य मात्र सगळीकडे तिकडेच मावळतो. याहून महत्त्वाचे म्हणजे तिथले क्रियापद. ढगासाठी लूकने ‘आनातेल्लो’ म्हणजे उगवणे हे, ‘आनातोले’च्याच मुळाचे क्रियापद वापरले आहे. ढग मावळतीला उगवतो, आणि लिहिणाऱ्याला त्यात विसंगती जाणवत नाही. लगेच पुढच्या वचनात दक्षिणेचा वारा आणि उकाडा आहे, म्हणजे सारा प्रसंग हवामानाचा; श्लेषाला तिथे जागा नाही. शब्दातला ‘बुडणे’ हा भाव झिजून केवळ दिशा उरली होती, असाच याचा अर्थ होतो.

जोडीने येणाऱ्या स्थळी हा शब्द व्याप्ती सांगतो. मत्तय २४:२७ मधील वीज पूर्वेकडून निघून पश्चिमेपर्यंत दिसते. मसीहा रानात आहे, आतल्या खोलीत आहे, अशा अफवांना दिलेले हे उत्तर असल्याने सगळ्या आकाशात दिसणे हाच त्याचा मुद्दा. मत्तय ८:११ मध्ये पुष्कळ लोक पूर्वेकडून व पश्चिमेकडून येऊन अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्या पंक्तीला बसतात. ही भाषा यशया ४३:५ सारख्या, पांगलेल्या इस्राएलाला गोळा करण्याच्या वचनांतली आहे, त्यामुळे येणारे लोक परदेशस्थ यहुदीच असावेत असा आक्षेप घेता येतो. त्याचा निकाल ‘दुस्मे’ लावू शकत नाही, प्रसंग लावतो. हे उद्गार कफर्णहूमच्या परराष्ट्रीय शताधिपतीचा विश्वास पाहून निघालेले आहेत. लूक १३:२९ मध्ये याच वचनाला उत्तर आणि दक्षिणही जोडल्या आहेत. दोन दिशांत चारही दिशा ऐकल्या जात होत्या, याला याहून चांगला दाखला नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चौथ्या शतकातील यरुशलेमच्या सिरिलच्या नावावर असलेल्या प्रवचनांत बाप्तिस्मा घेणारा पश्चिमेकडे तोंड करून सैतानाचा त्याग करतो, कारण ती अंधाराची बाजू. मग नव्या करारातही तो अर्थ का नसावा? कारण तिथली वाक्ये त्याला साथ देत नाहीत. यरुशलेमच्या मंदिरात परमपवित्र स्थान पश्चिम टोकाला होते, आणि प्रकटीकरण २१:१३ च्या नगरीत पश्चिमेला बाकीच्या बाजूंइतकीच तीन द्वारे आहेत. सिरिलचा विधी ही नंतरची उपासनापरंपरा आहे. तिचा अर्थ मागे नेऊन चिकटवणे योग्य नाही.

पश्चिम म्हणजे ठरावीक भूभाग, असा वापर पहिल्या शतकाच्या अखेरीस दिसतो. क्लेमेंटच्या पहिल्या पत्रात पौल पश्चिमेच्या सीमेपर्यंत गेल्याचे म्हटले आहे. पण तिथला शब्द ‘दुसिस’ आहे. त्याच मुळाचा, तरी वेगळा. काही हस्तलिखितांत मार्कच्या शुभवर्तमानाला जोडलेल्या छोट्या समाप्तीतही ‘दुसिस’च आहे. ‘दुस्मे’मध्ये रोम किंवा युरोप वाचायला नव्या करारात एकही आधार नाही.