बर्फावर उभे विमान

चढावर बंद पडलेल्या गाडीच्या चाकामागे आपण दगड लावतो. गाडी थांबते ती दगड व रस्ता यांच्यातील घर्षणामुळे. रस्त्यावर बर्फ असेल तर? मग दगडच घसरू लागेल. थंड देशांतील विमानतळांवर विमान उभे करणाऱ्या व हलवणाऱ्या कामगारांपुढे हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो.

१३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावर हिमवर्षाव चालू होता. एअर फ्लोरिडाच्या बोइंग ७३७ विमानावर ग्लायकॉल व पाणी यांचे मिश्रण फवारण्यात आले. ग्लायकॉल मिसळल्याने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो आणि पंखांवरील बर्फ वितळतो. पण खाली सांडलेल्या याच द्रवाने बर्फाळ जमीन अधिकच निसरडी केली. विमान मागे ढकलणाऱ्या ट्रॅक्टरची चाके जागच्या जागी फिरू लागली. वैमानिकांनी इंजिनांचा उलटा झोत वापरून पाहिला. हिम उडाले, विमान हलले नाही. शेवटी चाकांना साखळ्या लावलेला दुसरा ट्रॅक्टर आला व विमान निघाले. पंखांवर पुन्हा बर्फ साचलेला असतानाच त्याने उड्डाण केले आणि ते पुलावर आदळून पोटोमॅक नदीत कोसळले. पुलावरील चौघांसह ७८ जण मृत्युमुखी पडले.

उड्डाणापूर्वी पंख स्वच्छ हवेत, हा धडा असा वारंवार मिळत गेला. पण पंख स्वच्छ करणाऱ्यांचे काय?

२१ जानेवारी १९९५ रोजी कॅनडात, माँट्रियलजवळच्या मिराबेल विमानतळावर, रॉयल एअर मारोकच्या बोइंग ७४७ वरील बर्फ काढण्याचे काम चालू होते. चारही इंजिने सुरू होती. दोन वाहनांच्या उंच पाळण्यांत उभे राहून कामगार फवारणी करीत होते. एवढ्या मोठ्या विमानाचे शेपूट वैमानिकाला आपल्या जागेवरून दिसत नाही. त्याची सारी भिस्त रेडिओवरील शब्दांवर. काम संपले असा वैमानिकांचा समज झाला आणि विमान पुढे सरकले. दोन्ही वाहने उलथली. पाळण्यांतील तिघे ठार झाले. भोवतालची जागा मोकळी झाल्याची खात्री होण्यापूर्वीच विमान हलले, असे चौकशीत आढळले.

म्हणून ‘फवारणी झाली’ एवढा निरोप पुरेसा नाही. ‘माणसे व वाहने दूर झाली’ हा निरोप स्वतंत्रपणे मिळायला हवा. विमान येऊन थांबते तेव्हाही तसेच. इंजिने मंदावून त्याचा लुकलुकणारा तांबडा दिवा विझेपर्यंत चाकांना अडसर लावायला कोणी पुढे जायचे नसते.

वर्गात घर्षण शिकवताना बर्फाच्या लादीवर एक ठोकळा ठेवून लादी हळूहळू तिरपी करावी. ठोकळा कधी घसरला हे सारे पाहतील. मग मिराबेलची हकीकत सांगावी आणि विचारावे : ट्रॅक्टरला साखळ्या लावता आल्या, रेडिओवरचा निरोप चुकू नये म्हणून काय लावाल?